लेपर्ड कासवाच्या उपप्रजाती : ओळख, गल्लत आणि कायदा

चंदीगड : आफ्रिकेतील लेपर्ड कासव, अर्थात बिबट्यासारखे ठिपके असलेले जमिनीवरील कासव, विकताना अनेकदा ‘पार्डालिस’ आणि ‘बॅबकॉकी’ अशा दोन उपप्रजातींची नावे सांगितली जातात आणि नावाप्रमाणे किंमत वेगळी मागितली जाते. मात्र आनुवंशिक संशोधनाने ही विभागणी ग्राह्य मानलेली नाही. भारतीय कायदाही या दोहोंत फरक करत नाही. ग्राहकाने खरोखर तपासावयाच्या गोष्टी दोन आहेत. पहिली, समोरचे कासव आफ्रिकेतील लेपर्ड आहे की भारतातील संरक्षित स्टार कासव. आणि दुसरी, त्याची नोंदणी झाली आहे किंवा नाही.

दोन नावे कोठून आली

या प्रजातीचे पहिले शास्त्रीय वर्णन इंग्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ थॉमस बेल यांनी १८२८ मध्ये केले. त्यानंतर १९३५ मध्ये आर्थर लव्हरिज यांनी युगांडातील नमुन्यावरून ‘बॅबकॉकी’ ही वेगळी उपप्रजाती मांडली. तेव्हापासून आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाकडील कासवांना ‘पार्डालिस’ आणि सुदान, इथिओपियापासून दक्षिणेकडे पसरलेल्या उर्वरित कासवांना ‘बॅबकॉकी’ म्हणण्याचा प्रघात पडला.

प्रजातीचे आजचे मान्य शास्त्रीय नाव ‘स्टिग्मोकेलिस पार्डालिस’ असे आहे. जुन्या कागदपत्रांत तिची नोंद ‘जिओकेलोन पार्डालिस’ या नावाने आढळते. भारतीय स्टार कासवाचे नाव ‘जिओकेलोन एलेगन्स’ आहे. त्यामुळे केवळ ‘जिओकेलोन’ एवढाच उल्लेख असलेली पावती कोणत्याही प्रजातीचा पुरावा ठरत नाही.

सांगितली जाणारी लक्षणे आणि त्यांची मर्यादा

पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेल्या समजुतीनुसार, ‘पार्डालिस’च्या पिल्लाच्या कवचावरील प्रत्येक पट्टिकेवर दोन काळे ठिपके असतात, तर ‘बॅबकॉकी’च्या पिल्लाच्या पट्टिकेवर एकच ठिपका असतो किंवा मुळीच नसतो. प्रौढ ‘पार्डालिस’ गडद रंगाचे, चपट्या कवचाचे आणि आकाराने मोठे, तर ‘बॅबकॉकी’ फिकट व घुमटाकार कवचाचे असते, असेही सांगितले जाते.

या प्रत्येक लक्षणाला अपवाद आहेत. मोठ्या आकाराची कासवे आफ्रिकेच्या दक्षिण आणि ईशान्य अशा दोन्ही भागांत आढळतात. वयानुसार कवचावरील नक्षी विरळ होत जाते. बंदिवासात आर्द्रता कमी पडली अथवा आहार चुकला, तर पट्टिका उंचवट्यासारख्या वर येतात आणि कवचाचा मूळ आकारच बदलतो. दोन प्रदेशांतील जोड्यांपासून झालेल्या पिल्लांत दोन्हीकडची लक्षणे मिसळलेली असतात.

जर्मनीतील ड्रेस्डेन येथील उवे फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या कासवांच्या आनुवंशिक घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रजातीत प्रदेशानुसार अनेक आनुवंशिक गट असले, तरी ते ‘पार्डालिस’ व ‘बॅबकॉकी’ या पारंपरिक सीमारेषेशी जुळत नाहीत. म्हणून या उपप्रजाती मानू नयेत, असा त्याचा निष्कर्ष होता. एखाद्या कासवाचे मूळ स्थान सांगायचे असेल, तर त्याच्या जनकांची लेखी नोंद हाच विश्वसनीय आधार ठरतो. ठिपके मोजून ते ठरत नाही.

चुकीच्या नावाचा फटका प्राण्यालाही बसतो. दक्षिणेकडील उपप्रजाती थंडी सहन करते, असे सांगितले गेले तर खरेदीदार तिला हिवाळ्यात उघड्यावर ठेवण्याची शक्यता असते. लेपर्ड कासव शीतनिद्रा घेत नाही. चंदीगडमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा पाच अंश सेल्सियसच्या आसपास उतरते. अशा वेळी नाव कोणतेही असले, तरी या कासवाला उबदार निवाऱ्याची गरज असते.

स्टार कासव कसे ओळखावे

उपप्रजातीच्या चर्चेपेक्षा ही ओळख अधिक महत्त्वाची आहे, कारण येथे चूक झाल्यास प्रकरण थेट गुन्ह्यापर्यंत पोहोचते. भारतीय स्टार कासवाचा नैसर्गिक आढळ वायव्य भारत, दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आहे. त्याच्या गडद पट्टिकांच्या मध्यभागी पिवळा ठिपका असतो आणि त्यातून पिवळ्या रेषा किरणांप्रमाणे बाहेर पसरतात. लेपर्ड कासवाच्या पिवळट किंवा तपकिरी कवचावर मात्र तुटक काळे ठिपके व डाग असतात.

पोटाकडील बाजूही पाहावी. स्टार कासवाच्या तेथील कवचावरही किरणांसारखे ठळक पट्टे दिसतात. लेपर्ड कासवाची ती बाजू बहुतांशी पिवळट असून तीवर विखुरलेल्या काळ्या खुणा असतात. प्रौढ लेपर्ड कासवाची लांबी साधारणतः ४० सेंटिमीटर आणि वजन १३ किलोच्या आसपास असते. काही कासवे याहून बरीच मोठी होतात. स्टार कासव सहसा ३० सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. पिल्लांच्या बाबतीत आकाराचा निकष उपयोगी पडत नाही आणि नक्षीही पूर्ण उमटलेली नसते. त्यामुळे गल्लत होण्याचा धोका पिल्लांच्या खरेदीत सर्वाधिक असतो.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार स्टार कासव अनुसूची १ मध्ये आहे. त्याची खरेदी आणि विक्री हे दोन्ही गुन्हे असून किमान तीन वर्षे ते कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या सायटीस करारातही ही प्रजाती २०१९ मध्ये परिशिष्ट २ मधून परिशिष्ट १ मध्ये हलविण्यात आली. तो प्रस्ताव मांडणाऱ्या देशांत भारताचा समावेश होता.

लेपर्ड कासव सायटीसच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. दुरुस्तीनंतर या करारातील प्रजाती अधिनियमाच्या नव्या अनुसूची ४ मध्ये आल्या. दुरुस्तीपूर्वी स्टार कासवाची नोंद जुन्या अनुसूची ४ मध्ये होती. या दोन याद्यांचा आशय पूर्णपणे वेगळा असल्याने जुन्या माहितीपत्रकावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

केंद्र सरकारने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी जिवंत प्राणी प्रजाती (माहिती व नोंदणी) नियम अधिसूचित केले. त्यानुसार अशा प्राण्यांच्या तत्कालीन मालकांना सहा महिन्यांची मुदत मिळाली होती. त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ‘परिवेश २.०’ पोर्टलद्वारे मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करणे बंधनकारक आहे. हस्तांतरण, पिल्लांचा जन्म आणि प्राण्याचा मृत्यू यांचीही नोंद करावी लागते.  विक्री करणाऱ्या दुकानांना २०१८ चे पाळीव प्राणी दुकान नियमही लागू होतात.

चंदीगड परिसरातील विशेष बाब

चंदीगड केंद्रशासित प्रदेश आहे. त्याला लागून असलेले मोहाली पंजाबमध्ये, तर पंचकुला हरियाणात येते. रहिवाशांच्या दृष्टीने ही तिन्ही शहरे एकच वस्ती असली, तरी वन्यजीव प्रशासन तीन आहेत. मोहालीत घेतलेले कासव चंदीगडमधील घरी आणले, तर काही किलोमीटरच्या या प्रवासात त्याचे अधिकारक्षेत्र बदलते. म्हणून विक्रेत्याच्या नोंदणीवर समाधान न मानता हस्तांतरणाची आणि नव्या पत्त्याची नोंद स्वतः करून घेणे आवश्यक ठरते.

व्यवहारापूर्वी तपासावे

* कागदपत्रांवर प्रजातीचे पूर्ण शास्त्रीय नाव आहे काय?
* विक्रेत्याच्या नावे नोंदणी प्रमाणपत्र आहे काय आणि त्यातील वर्णन समोरच्या प्राण्याशी जुळते काय?
* कासव परदेशातून आणले असल्यास सायटीस परवाना व आयात परवाना उपलब्ध आहे काय? येथेच जन्मले असल्यास जन्माची नोंद आहे काय?
* उपप्रजातीच्या नावाखाली अधिक किंमत मागितली जात असल्यास जनकांच्या मूळ स्थानाची लेखी नोंद आहे काय?
* कवचाच्या वरील आणि खालील अशा दोन्ही बाजूंची छायाचित्रे व्यवहारापूर्वी घेतली आहेत काय?

यांपैकी प्रजातीविषयी शंका राहिल्यास व्यवहार थांबवून वन विभागाकडे विचारणा करणे उचित ठरते. नकोसे झालेले कासव सुखना तलावाच्या परिसरात अथवा अन्यत्र सोडून देऊ नये. परदेशी प्राण्यासोबत आलेले रोग व परजीवी स्थानिक प्रजातींपर्यंत पोहोचू शकतात. लेपर्ड कासवांवरील गोचिडांमधून जनावरांना ‘हार्टवॉटर’ हा रोग होण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेने २००० मध्ये या प्रजातीची आयात रोखली होती.

लेपर्ड कासव अनेक दशके जगते आणि त्याच्या आयुष्यात मालक एकाहून अधिक वेळा बदलू शकतो. ठिपक्यांवरून दिलेले नाव तोवर कवचावरून पुसट झालेले असेल. कासव कोठून आले हे पुढच्या मालकाला सांगू शकेल ती केवळ सलग राखलेली नोंद.