जुनी दोन इंजिनांची केबिन बोट: मालकी, बिघाड आणि देखभाल

झोपायला बंक, छोटा ओटा आणि शौचालय असलेली बंदिस्त केबिन ज्या खासगी मोटरबोटीत असते, तिला केबिन क्रूझर म्हणतात. लांबी साधारण ८ ते १४ मीटर. १९७० ते १९९० या दशकांत अमेरिकेत आणि युरोपात अशा बोटी मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. त्यांचे अंग फायबरग्लासचे असल्याने चाळीस वर्षांनंतरही अनेक बोटी तरंगत्या आहेत. इंजिने मात्र तेवढी टिकत नाहीत. त्यामुळे जुनी बोट कमी किमतीत मिळते आणि घेणाऱ्याला वाटते की सौदा जिंकला. प्रत्यक्षात, दोन इंजिने नव्याने बसवण्याचा खर्च विकणाऱ्याने हिशेबात धरलेला असतो, घेणाऱ्याने नाही.

दुसरा गैरसमज सुरक्षिततेचा. एक इंजिन बंद पडले तरी दुसरे घरी आणेल, असे गृहीत धरले जाते. ते अर्धेच खरे आहे. दोन्ही इंजिने एकाच वेळी विकत घेतलेली, एकाच पंपावरचे डिझेल पिणारी, एकाच खाडीचे पाणी खेचणारी आणि एकाच मालकाने दुर्लक्षिलेली असतात. त्यामुळे ती बंदही बऱ्याचदा पाठोपाठच पडतात.

नारपोलीपासून पाणी किती दूर?

भिवंडीतील नारपोली म्हणजे यंत्रमाग, गोदामे आणि ट्रकची वर्दळ. तिथे बोटीचा विषय काढला तर ऐकणारा चमकेल. पण काही किलोमीटरवर कशेळी आणि काल्हेरला उल्हास नदीची खाडी आहे, जी पुढे वसईजवळ समुद्राला मिळते. कल्याण, ठाणे आणि वसईला जोडणारा हा मार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून जाहीर झाला आहे. ठाण्याच्या खाडीकडे जाणारा फाटा अरुंद आणि उथळ असल्याने मोठ्या बोटीला समुद्र गाठायचा तर वसईच्या बाजूनेच जावे लागते.

अशा पाण्यात बोट ठेवणे सोपे नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास जाते. ओहोटीला खाडीत चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि वाळूउपशामुळे तळ बदलत राहतो. पुलाखालची उंची भरतीला घटते, पंख्याखालची खोली ओहोटीला घटते. म्हणजे निघण्याची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटीचे कोष्टक ठरवते. पाण्यात तरंगणाऱ्या प्लॅस्टिक पिशव्या आणि वरच्या अंगाने वाहून येणारी जलपर्णी हा वेगळा त्रास. त्याचा संबंध पुढे इंजिन तापण्याशी येतो.

कोळी बांधवांची मासेमारी बोट याच्या उलट असते. बहुधा एकच डिझेल इंजिन, चारही बाजूंनी हात पोचेल असे बसवलेले आणि रोज चालणारे. तांडेलाला त्याचा आवाज पाठ असतो. केबिन क्रूझरमध्ये दोन इंजिने एका खोलीत दाटीने बसवलेली असतात. बोटीच्या कडेकडची बाजू तर आरशाशिवाय दिसत नाही, आणि जिथे हात पोचत नाही तिथली देखभाल होत नाही. जुनी बोट पाहताना टॉर्च घेऊन आधी तीच बाजू पाहावी.

घेताना काय तपासावे

पाहायला जाण्याआधी इंजिने सुरू करू नयेत, असे विकणाऱ्याला सांगून ठेवावे. तिथे पोचल्यावर इंजिनाला हात लावून पाहावा. ते आधीच गरम असेल तर थंड असताना सुरू व्हायला ते त्रास देत असण्याची शक्यता मोठी. बोट पाण्याबाहेर काढून पंखे, शाफ्ट आणि सुकाणू पाहावेत. डेकवर लाकडी हातोडीने हलके ठोकत जावे. खणखणीत आवाज ठीक. आवाज बद्द आला तर फायबरग्लासच्या आतले लाकूड कुजलेले असते. दोन्ही इंजिनांचे तेल प्रयोगशाळेत तपासून घेता येते, आणि त्याचा खर्च एका सिलिंडर हेडपुढे नगण्य आहे.

“एक इंजिन उत्तम आहे, दुसऱ्याचं थोडंसं काम आहे” असे म्हणून विकली जाणारी बोट टाळावी, किंवा दुसरे इंजिन नाहीच असे समजून किंमत ठरवावी. दरवर्षी किमतीच्या दहा टक्के देखभालीला लागतात, हा नियमही जुन्या बोटीला लागू पडत नाही. बोटीची किंमत उतरत जाते, सुट्या भागांची नाही.

बिघाड शोधण्याची युक्ती: दुसरे इंजिन

दोन इंजिनांचा खरा फायदा इथे आहे. आजारी इंजिनाशी तुलना करायला शेजारी तसेच दुसरे इंजिन असते. त्यातून पहिला प्रश्न निघतो: त्रास एकालाच आहे की दोघांना? एकालाच असेल तर दोष त्या इंजिनात. दोघांना एकदम असेल तर दोष बहुधा सामाईक गोष्टीत, म्हणजे इंधन, वीज, पंख्यांवर आणि बुडावर साचलेले शेवाळ-शिंपले किंवा बोटीवरचे जादा वजन.

पूर्ण थ्रॉटलवर दोन्ही इंजिने कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसतील तर मेकॅनिक बोलावण्याआधी बूड घासावे. एकच मागे पडत असेल तर त्याचा पंखा वाकला आहे का ते पाहावे, मग फिल्टर, मग इंजेक्टर. तापमानाचा काटा वर गेला तर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही इंजिनांवर त्याच जागी मोजावे. अनेकदा इंजिन ठीक असते आणि सेन्सर बिघडलेला असतो. संशयित भाग दुसऱ्या इंजिनावर लावून पाहिला आणि त्रासही त्याच्यासोबत गेला, तर चोर सापडला.

एक सावधगिरी मात्र हवी. काही जुन्या पेट्रोल जोड्यांत पंखे उलटसुलट फिरावेत म्हणून एक इंजिनच उलट दिशेने फिरणारे असते. त्याचा स्टार्टर आणि आतले काही भाग वेगळे असतात. बहुतेक डिझेल बोटींत इंजिने सारखीच असतात आणि दिशा गिअरबॉक्स बदलतो. अदलाबदल करण्याआधी हे पुस्तिकेत पाहावे.

इंजिन तापते तेव्हा पाण्याच्या वाटेनेच शोध घ्यावा. तळाच्या छिद्राला पिशवी चिकटली आहे का, गाळणीत जलपर्णी आहे का, पंपाचा पट्टा सैल आहे का, पंपातील रबरी इंपेलरची पाती शाबूत आहेत का. हा इंपेलर दरवर्षी बदलावा. पाते तुटलेले निघाले तर त्याचा तुकडाही शोधून काढावा, नाहीतर तो पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकून बसतो आणि नव्या इंपेलरनंतरही इंजिन तापतच राहते. सावकाश चालताना थंड आणि वेगात गरम, अशी तक्रार असेल तर पाणी येते पण पुरेसे येत नाही. नळ्यांत क्षार साचलेला असतो किंवा एक्झॉस्टचा एल्बो आतून गंजून अरुंद झालेला असतो. हा एल्बो फुटला तर खारे पाणी सिलिंडरमध्ये उतरते आणि इंजिनाचा कारभार आटोपतो.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त, निळसर म्हणजे तेल जळते आहे. पांढऱ्यात दोन प्रकार: लगेच विरते ती वाफ, तरंगत राहतो आणि डोळ्यांना झोंबतो तो न जळलेल्या डिझेलचा धूर.

इंजिन सुरू होत नसेल तेव्हा स्टार्टर पुन्हा पुन्हा मारणे ही सर्वात महागडी चूक. प्रत्येक वेळी पंप समुद्राचे पाणी मफलरमध्ये ढकलतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा दाब नसतो. पाणी मागे चढत सिलिंडरमध्ये शिरते, आणि पाणी दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-तीन प्रयत्नांनंतर पाण्याचा कॉक बंद करावा, आणि इंजिन पेटले की त्याच क्षणी उघडावा.

दोन्ही एकदम का बंद पडतात

बहुतेक वेळा उत्तर इंधनात असते. कोकणच्या दमट हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीच्या भिंतींवर पाणी धरते आणि तळाशी साचते. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू-बुरशीचा काळपट चोथा तयार होतो. बोट धक्क्याला असताना तो तळाशी निजलेला असतो. खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या की ढवळून निघतो आणि दोन्ही फिल्टर काही मिनिटांच्या अंतराने तुंबतात. त्यामुळे प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र टाकी, तळाशी पाणी दिसेल असा पारदर्शक वाडगा असलेला स्वतंत्र फिल्टर आणि स्वतंत्र बॅटरी असावी. दोन टाक्यांना जोडणारा व्हॉल्व्ह एरवी बंद ठेवावा. फिल्टरचे दोन-तीन नवे संच बोटीवर हवेत, आणि ते बदलण्याचा सराव धक्क्यावर बांधलेल्या बोटीत झालेला हवा.

एका इंजिनावर परतायची वेळ आली तर आणखी एक धोका आहे. बंद इंजिनाचा पंखा पाण्याच्या झोताने फिरत राहतो. काही गिअरबॉक्सना हे चालते. काहींत इंजिन बंद असताना तेल फिरत नाही आणि बेअरिंग जळते. आपला गिअरबॉक्स कोणत्या जातीचा, हे आधी माहीत हवे. दुसऱ्या जातीचा असेल तर शाफ्ट पकडून ठेवण्याची सोय करून ठेवावी. उजवे इंजिन एकटे चालले तर बोटीचे तोंड डावीकडे ओढले जाते आणि कमी वेगात उजवीकडे वळणे कठीण होते. धक्का कोणत्या बाजूने गाठायचा, हे त्यावर ठरते.

पेट्रोल बोटीचा धोका वेगळा आणि मोठा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये, साठते. इंजिन सुरू करण्याआधी किमान चार मिनिटे ब्लोअर चालवावा आणि झाकण उघडून वास घ्यावा. नारपोलीसारख्या भागात खराद, वेल्डिंग आणि मोटर वाइंडिंगची कामे करणारे हात मिळतात. शाफ्टचे बुश बनवणे किंवा डिझेल इंजिनाच्या स्टार्टरचे वाइंडिंग करून घेणे तिथे सहज होऊ शकते. पण पेट्रोल बोटीला मोटारीचा अल्टरनेटर किंवा स्टार्टर बसवू नये, तो कितीही तंतोतंत बसत असला तरी. बोटीसाठीच्या भागांची रचना आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवणार नाही अशी असते. मोटारीच्या भागांत ती गरज नसते.

शाफ्ट आणि गिअरबॉक्सची सरळ रेषाही कार्यशाळेत जुळवता येत नाही. जमिनीवर टेकवलेली बोट किंचित वाकते. ती पाण्यात सोडून एक-दोन दिवस गेल्यावर दोन फ्लँजमधली फट फीलर गेजने मोजावी. साधारण १०० मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

दुरुस्तीनंतरची चाचणी

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेत असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीवरचे नियंत्रण सुटले आणि ती एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. १५ जणांचा जीव गेला. इंजिनातील बिघाड हे कारण नौदलाने सांगितले. खासगी बोटीचा वेग आणि ताकद तेवढी नसते, पण नुकतेच उघडून जोडलेले इंजिन, थ्रॉटलच्या केबली आणि सुकाणू यांवर भरवसा ठेवता येत नाही हे दोन्हीकडे सारखेच. पहिली चाचणी बोट धक्क्याला बांधून, गिअर पुढे-मागे टाकून घ्यावी. दुसरी मोकळ्या पाण्यात, फेरीबोटींच्या वाटेपासून दूर, कमी वेगात. इंजिन तत्काळ बंद करण्याची कळ कुठे आहे हे बोटीवरच्या प्रत्येकाला माहीत असावे, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असावे आणि सोबत पाहुणे नसावेत.

गंज, गोडे पाणी आणि पावसाळा

पाण्याखालचे पितळ, कांस्य आणि पोलाद यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहून धातू झिजतो. तो वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे ॲनोड लावतात. समुद्रात जस्ताचे चालतात, पण पावसाळ्यात खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि जस्तावर कठीण थर चढून ते निकामी होते. अशा मिश्र पाण्यात ॲल्युमिनियमचे ॲनोड बरे. अर्धे झिजले की बदलावेत. वर्षभर अजिबात न झिजलेला ॲनोड पाहून खूश होऊ नये. त्याची जोडणी तुटलेली असते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. खासगी बोटीनेही मेअखेर पाण्याबाहेर यावे. काढण्याआधी तेल बदलावे, कारण जुन्या तेलातील आम्ल तीन महिने बेअरिंगवर बसून राहते. थंड करणारी वाट गोड्या पाण्याने धुवावी, इंपेलर काढून ठेवावा, डिझेलच्या टाक्या काठोकाठ भराव्यात. ताडपत्री घट्ट गुंडाळू नये. आत हवा खेळली नाही तर केबिन बुरशीने काळी पडते. ट्रेलरवर मावणाऱ्या बोटीला पत्र्याची शेड ताडपत्रीपेक्षा कितीतरी चांगली, आणि गोदामांच्या तालुक्यात तशी जागा शोधायला फार लांब जावे लागू नये.

कागदपत्रांकडेही याच काळात पाहावे. खाडी आणि नदीतील यांत्रिक बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे. त्याने १९१७ चा जुना कायदा हटवला. राज्यात नोंदणी आणि तपासणीचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. विमा कंपनी जुन्या बोटीसाठी सर्वेक्षकाचा अहवाल मागते. पॉलिसीत इंजिनातील बिघाड वगळलेला आहे का, हे सही करण्याआधी वाचावे. समुद्रात संकट आले तर व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६, आणि मोबाइल लागत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

पावसाळ्यानंतर बोट पाण्यात उतरवली की क्रेनचे पट्टे सोडण्याआधी आत जाऊन प्रत्येक सीकॉक, प्रत्येक पाइपची क्लिप आणि दोन्ही शाफ्टची ग्लँड पाहावी. उभ्या बोटीत ग्लँडमधून क्वचित एखादा थेंब, शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब, एवढे पाणी ठीक. धार लागली तर बोट तशीच वर उचलायला सांगावे.