१८७४ : नाशिकच्या शरणपूरचे एक वर्ष

१/
नाशिकचा शरणपूर रोड आज गजबजलेला आहे. दुकाने, दवाखाने, शिकवण्या आणि वाहनांची गर्दी. ‘शरणपूर’ हे नाव कोठून आले, हा प्रश्न तेथून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना पडतो. या नावामागे एका लहानशा अँग्लिकन ख्रिस्ती वसाहतीचा इतिहास आहे. त्या वसाहतीतील एका तरुणाने १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीला हात दिला होता.

२/
चर्च मिशनरी सोसायटी ही इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चशी संलग्न संस्था १७९९ मध्ये लंडनला स्थापन झाली. १८३२ पासून तिचे काम नाशिकात सुरू होते. १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्यांनी शहराबाहेर एक ख्रिस्ती खेडे वसवले. घर तुटलेल्यांना, जातीबाहेर पडलेल्यांना आणि अनाथ मुलांना तेथे आसरा मिळावा, असा त्यांचा हेतू होता. म्हणून त्याचे नाव शरणपूर.

३/
या खेड्यात प्रार्थनेइतकेच महत्त्व कामाला होते. शाळेबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकवले जात. भोवतालचा मुलूख मराठी बोलणारा, उपासना इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीची. मात्र शरणपूरचे वेगळेपण दुसऱ्याच एका गोष्टीत होते. तेथील मुलांपैकी अनेकांचा जन्म पूर्व आफ्रिकेत झाला होता.

४/
ही मुले नाशिकला कशी पोहोचली? एकोणिसाव्या शतकात झांझिबार हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. आजच्या टांझानिया, मलावी आणि मोझांबिकच्या अंतर्भागातून माणसे पकडून किनाऱ्यावर आणली जात आणि शिडाच्या गलबतांतून अरबस्तान व इराणच्या आखाताकडे विकायला नेली जात. ब्रिटिश नौदल अशी गलबते अडवी आणि सुटका झालेल्यांपैकी अनेकांना मुंबई बंदरात उतरवी. मुलांना मिशनच्या संस्थांकडे सोपवले जाई. त्यांतील पुष्कळ मुले शरणपूरच्या ‘आफ्रिकन असायलम’मध्ये आली.

५/
येथे त्यांना नवी नावे मिळाली. याओ समाजात जन्मलेला चेंग्विंबे नाशिकात मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसरा एक याओ मुलगा जेकब वेनराइट या नावाने वाढला. आईवडिलांनी ठेवलेले नाव, मातृभाषा आणि गाव मागे राहिले. त्यांच्या जागी साक्षरता, एक कसब आणि प्रार्थनापुस्तक आले. हा लाभही होता आणि हानीही होती. पुढील सारा इतिहास समजून घेताना या दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्या लागतात.

६/
१८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईत आले. नाईल नदीच्या उगमाचा शोध आणि गुलामांच्या व्यापाराला विरोध, ही त्यांच्या नव्या मोहिमेची उद्दिष्टे होती. आफ्रिकेत जन्मलेले, लिहिता-वाचता येणारे आणि हाताला कसब असलेले सोबती त्यांना हवे होते. शरणपूरहून ९ तरुण त्यांच्याबरोबर गेले. युरोपातील पुस्तकांत त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असा होऊ लागला.

७/
१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी माणसांची नवी तुकडी धाडण्यात आली. तिच्यात शरणपूरच्या शाळेत वाढलेले आणखी तरुण होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार ही त्यांतील काही नावे. ऑगस्टमध्ये ही तुकडी उन्यान्येंबे येथे लिव्हिंग्स्टन यांना मिळाली आणि त्याच महिन्यात मोहीम पुढे निघाली. ही त्यांची अखेरची मोहीम ठरली.

८/
१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचा मृत्यू झाला. सोबत एकही युरोपीय नव्हता. देह तेथेच पुरून परतणे सोपे होते. पण सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली सर्वांनी निर्णय घेतला, की देह समुद्रापर्यंत न्यायचा. शवाची चिरफाड करून आतील अवयव काढण्याच्या कामात फरार होते. हृदय एका झाडाखाली पुरण्यात आले आणि देह मीठ लावून उन्हात वाळवण्यात आला.

९/
त्या झाडाखाली अंत्यविधीची प्रार्थना जेकब वेनराइट यांनी वाचली. झाडाच्या खोडावर मृताचे नाव आणि तिथी कोरण्याचे कामही त्यांचेच. तेथे पाद्री नव्हता, चर्च नव्हते. नाशिकच्या शाळेत अक्षर शिकलेला, विशीच्या आसपासचा एक तरुण प्रार्थनापुस्तक उघडून उभा होता. प्रवासाची रोजनिशीही ते लिहीत होते आणि ती आज अभ्यासकांना उपलब्ध आहे.

१०/
मग सुमारे नऊ महिने आणि दीड हजार किलोमीटरहून अधिक वाट. उन्यान्येंबे येथे भेटलेले नौदल अधिकारी कॅमेरॉन यांनी देह तेथेच पुरावा असे सुचवले, ते या माणसांनी मानले नाही. प्रेत गावातून नेण्यास विरोध होऊ लागला, तेव्हा त्यांनी प्रेत परत धाडल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले.

११/
किनाऱ्यावर बहुतेकांचा हिशेब चुकता करून त्यांना निरोप देण्यात आला. इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर देहासोबत गेले ते केवळ जेकब वेनराइट, कारण त्यांचा प्रवासखर्च चर्च मिशनरी सोसायटीने दिला. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोहोचले ते अंत्यविधी उरकल्यावर. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये वेनराइट हे एकटे आफ्रिकी होते. पुढे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या सोबत्यांसाठी ६० पदके पाडली, पण तोवर बरेच जण पांगले होते.

१२/
इंग्लंडात लोकमत पेटले होते. १८७३ मध्येच सर बार्टल फ्रिअर गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झांझिबारला जाऊन आले होते. हे तेच फ्रिअर, जे एकेकाळी साताऱ्याला रेसिडेंट होते आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. जून १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या करारावर सही केली. आता सुटका झालेल्यांना मुंबईला का न्यावे? त्यांच्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत असावी, हा फ्रिअर यांचा आग्रह होता.

१३/
ही वसाहत उभारण्याचे काम प्राइस यांच्याकडेच आले. नोव्हेंबर १८७४ मध्ये ते मोंबासाला उतरले. जवळच्या रबाई येथे वृद्ध मिशनरी रेबमान दृष्टी जवळजवळ गमावून बसले होते. तेथील लहानशा मंडळीचा भार शरणपूरच्याच लोकांनी वाहिला होता. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे १८६४ पासून त्या भागात काम करत होते.

१४/
१८७५ मध्ये मोंबासासमोर ‘फ्रिअरटाउन’ वसले आणि त्याच सुमारास शरणपूरच्या आफ्रिकी वस्तीचा अध्याय मिटला. भारतातून सुमारे दीडशे आफ्रिकी ख्रिस्ती तिकडे गेले. त्यांना सारे ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. बालपणी एकदा समुद्र ओलांडून आलेल्या या लोकांनी तो पुन्हा ओलांडला. कागदोपत्री हे ‘घरी परतणे’ होते. परंतु त्यांची मूळ गावे किनाऱ्यापासून शेकडो मैल आत होती, आणि मोंबासा त्यांच्यापैकी अनेकांना नाशिकइतकेच परके होते.

१५/
शरणपूरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीनेही हे वर्ष रिकामेपण आणणारे होते. एका वाकावर बसून शिकलेली, एकाच वेदीपुढे गुडघे टेकलेली माणसे निघून गेली. इतिहासात नोंद झाली ती मोहिमेची, कराराची आणि वसाहतीच्या स्थापनेची. शेजार कसा तुटला, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही.

१६/
फ्रिअरटाउनचा संसार सरळ चालला नाही. शिक्षक, कारागीर, दुभाषे म्हणून राबणाऱ्या ‘बॉम्बे आफ्रिकन्स’चे युरोपीय मिशनऱ्यांशी वेतन आणि अधिकार यांवरून खटके उडाले. आपण शिकलेले आहोत, तर आपल्याला बरोबरीचे का मानले जात नाही, असा त्यांचा रोख होता. शिक्षणाने त्यांना हा प्रश्न विचारण्याचे बळ दिले, उत्तर मात्र इतरांच्या हाती राहिले.

१७/
तरीही त्यांचे काम टिकले. १८८५ मध्ये जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा मिळाली. आजच्या केनियात अँग्लिकन धर्मसेवक झालेले हे पहिले आफ्रिकी. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशप हॅनिंग्टन यांची हत्या झाल्यावर उरलेल्या काफिल्याला जोन्स यांनी परत आणले. पळून आलेल्या गुलामांना त्यांनी रबाईत आसरा दिला. १ जानेवारी १८८९ रोजी मालकांना भरपाई देऊन अशा सुमारे १४०० लोकांची रीतसर मुक्तता झाली. शरणपूरला शब्दशः अर्थ मिळाला तो येथे, आणि तो दिला शरण मिळालेल्यांनीच.

१८/
जेकब वेनराइट आफ्रिकेत परतले आणि १८९२ मध्ये तेथेच मरण पावले. चेंग्विंबे ऊर्फ मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगले. लिव्हिंग्स्टन यांच्या चरित्रांत हे लोक ‘विश्वासू सेवक’ म्हणून येतात. हे वर्णन अपुरे आहे. देह न्यायचा हा निर्णय त्यांचा होता आणि वाटेतील युक्ती त्यांची होती. नोंदही त्यांच्यातल्याच एकाने ठेवली.

१९/
फ्रिअरटाउनमध्ये त्या काळातील घंटेचे स्मारक आजही उभे आहे. स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात, म्हणून त्या परिसराचे नाव केंगेलेनी. इकडे नाशिकात शरणपूरचे नाव रस्त्याने जपले आहे. या दोन जागांमध्ये हिंदी महासागर आहे आणि तो दोनदा ओलांडलेल्या माणसांचा इतिहास आहे. नाशिकच्या स्थानिक इतिहासात पंचवटी आणि पेशवेकालीन वाडे यांच्या जोडीला या माणसांनाही जागा मिळाली पाहिजे. ते या शहरात वाढले आणि नाशिकचे नाव त्यांनी आफ्रिकेच्या अंतर्भागापर्यंत नेले.