मठाधिपती स्त्रिया : क्वेडलिनबुर्ग आणि मिरज

मध्ययुगीन युरोपांत स्त्रीच्या हातीं सत्ता यावयाची, ती बहुधा राणी किंवा राजमाता या नात्यानें. जर्मनींत मात्र आणखी एक वाट होती, ती मठाची. इ. स. ९३६ मध्यें पहिल्या ओटो राजानें व त्याच्या मातोश्रीनें क्वेडलिनबुर्ग येथें स्त्रियांचा मठ स्थापिला. राजाची कन्या माटिल्डा ९६६ सालीं या मठाची अधिपती झाली, तेव्हां ती अजून बालिकाच होती. पुढें ९९७ मध्यें तिचा भाचा तिसरा ओटो इटलीस गेला असतां सॅक्सनीचा कारभार तिनेंच पाहिला. मठास बाजार भरविण्याचा व नाणें पाडण्याचाहि अधिकार होता. हें वैभव खरें. पण त्याचा पाया जन्म आणि जमीन हा होता. गादी राजकन्येची, म्हणून मान राजकन्येचा.

महाराष्ट्रांत सतराव्या शतकांत एक स्त्री मठाधिपती झाली, ती अगदीं उलट वाटेनें. वेणाबाईंचें माहेर कोल्हापूरचें व सासर मिरजेचें. बालपणींच वैधव्य आलें. त्या काळच्या ब्राह्मण विधवेला घराचा एक कोपरा, हेंच जग. वेणाबाईंनीं त्या कोपऱ्यांत ग्रंथ उघडला. एकनाथी भागवत वाचीत असतां दारीं आलेल्या समर्थ रामदासांना त्यांनीं शंका विचारल्या, अशी सांप्रदायिक परंपरा आहे. पुढें त्या कीर्तनास जाऊं लागल्या आणि लोकनिंदा सुरू झाली. घरच्यांनीं त्यांना विष दिलें, अशीहि कथा सांगतात. कथा कांहींहि असो, ग्रंथ वाचणाऱ्या विधवेचा समाजाला केवढा धाक वाटत होता, हें तींतून स्पष्ट दिसतें.

समर्थांनीं त्यांना अनुग्रह दिला, उभें राहून कीर्तन करण्याची मोकळीक दिली आणि मिरजेचा मठ त्यांच्या स्वाधीन केला. ज्या गांवानें बोल लावला, त्याच गांवांत त्या ‘वेणास्वामी’ झाल्या. ‘सीतास्वयंवर’ हें त्यांचें प्रसिद्ध काव्य. १६७८ मध्यें सज्जनगडावर त्यांनीं देह ठेविला.

दुसऱ्या अक्कास्वामी. १६८२ मध्यें समर्थांचें निर्याण झाल्यावर चाफळ व सज्जनगड येथील व्यवस्थेंत त्यांचा मोठा वांटा होता. १७०० मध्यें औरंगजेबाच्या फौजेनें सज्जनगड घेतला, तेव्हां त्यांनीं देवमूर्ति वासोट्यास नेऊन सुरक्षित ठेविल्या, असें संप्रदाय सांगतो. दोघींच्याहि समाधि गडावर आहेत.

आतां तुलना करूं गेल्यास न्याय दोन्हीकडे करावयास हवा. क्वेडलिनबुर्गचा अधिकार नियमानें बांधलेला होता. एक अधिपती गेली कीं दुसरी येई, आणि हा क्रम आठ शतकांहून अधिक काळ चालला. आमच्याकडे असा नियम झाला नाहीं. गुरूनें योग्यता ओळखली म्हणून वेणाबाई मठावर बसल्या. त्यांच्यासारख्या इतर शेकडो बालविधवांना मठहि मिळाला नाहीं आणि ग्रंथहि नाहीं. एका थोर पुरुषाच्या औदार्यावर अवलंबून असलेलें स्वातंत्र्य त्याच्यामागें सर्वांच्या वांट्यास येत नाहीं.

परंतु जन्मानें मिळालेल्या अधिकाराचीहि मर्यादा असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील मठांच्या जमिनी सरकारांनीं ताब्यांत घेतल्या आणि त्यांबरोबर क्वेडलिनबुर्गची गादीहि संपली. वेणाबाईंची सत्ता जमिनीवर उभी नव्हती. ती विद्येवर आणि वाणीवर उभी होती. म्हणूनच मिरजेंतला तो मठ आजहि त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.