समानुभूतीच्या प्रबंधाची लेखिका

गुणात्मक संशोधनाच्या पाठ्यपुस्तकांत तात्त्विक वंशावळीचे एक प्रकरण बहुधा असतेच. डिल्टाय, हुसेर्ल, आल्फ्रेड शुट्झ आणि पुढे बर्जर-लकमन अशी ती सरळ खाली उतरते. मुलाखतकाराने समानुभूतीने ऐकावे, हा उपदेशही तेथेच सापडतो. मात्र याच समानुभूतीवर हुसेर्ल यांच्या मार्गदर्शनाखाली १९१६ साली फ्रायबुर्ग येथे डॉक्टरेट मिळवणाऱ्या एडिट स्टाइन या वंशावळीत सहसा दिसत नाहीत.

त्यांचा जन्म १८९१ मध्ये ब्रेस्लाउ येथील ज्यू कुटुंबात झाला. प्रबंधात त्यांचा मुख्य वाद थिओडोर लिप्स यांच्याशी आहे. दोरीवरच्या कसरतपटूला पाहताना प्रेक्षक त्याच्याशी आतून एकरूप होतो, असे लिप्स म्हणत. स्टाइन यांना हे मान्य नाही. दुसऱ्याचे दुःख मला प्रत्यक्ष कळते, पण ते माझे दुःख म्हणून मला कधीच लाभत नाही. ते त्याचेच राहते, आणि तसे ते राहते म्हणूनच मला ‘दुसरा’ कळतो. आपल्या समीक्षेत ‘परकायाप्रवेश’ आणि ‘तादात्म्य’ हे शब्द किती सढळपणे वापरले जातात, हे आठवले म्हणजे या भेदाचे मोल ध्यानात येते. ‘मी त्यांच्यातलाच झालो’ असे अहवालात लिहिणाऱ्या संशोधकाला या प्रबंधात आधार मिळणार नाही.

१९१६ ते १९१८ या काळात त्या हुसेर्ल यांच्या साहाय्यक होत्या. लघुलिपीतील टिपणांच्या गठ्ठ्यांतून सलग ग्रंथ उभे करणे, हे त्यांचे काम. पुढे विद्यापीठात स्वतंत्र अध्यापनाची पात्रता, म्हणजे हाबिलिटात्सिओन, मिळवण्याची वेळ आली. विद्यापीठीय पेशा स्त्रियांना खुला झाला, तर आपण यांचीच शिफारस सर्वप्रथम करू, अशा आशयाचे पत्र हुसेर्ल यांनी १९१९ मध्ये दिले. त्या ‘तर’पाशी सारे अडले. गॉटिंगेनने त्याच वर्षी, त्या स्त्री आहेत म्हणून, त्यांचा अर्ज विचारातच घेतला नाही. गंमत अशी, की त्याच विद्यापीठात त्याच वर्षी गणितज्ञ एमी नोएटर यांना ही पात्रता मिळाली होती. नोएटरही ज्यू आणि स्त्रीच. पण त्यांच्यामागे हिल्बर्ट वर्षानुवर्षे ठाम उभे होते. स्टाइन यांनी मंत्रालयाकडे दाद मागितली. स्त्री असणे हा या पात्रतेच्या आड येणारा अडथळा मानता येणार नाही, असा आदेश फेब्रुवारी १९२० मध्ये प्रशियात निघाला. त्याचा लाभ इतर स्त्रियांना झाला. स्टाइन यांना ती पात्रता अखेरपर्यंत मिळाली नाही.

दरम्यान त्यांचे श्रम त्यांच्यावाचून पुढे गेले. हुसेर्ल यांची कालबोधावरील व्याख्याने १९२८ मध्ये हायडेगर यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. त्यांची मांडणी बव्हंशी स्टाइन यांनी १९१७ मध्ये केलेली. प्रस्तावनेत मात्र त्यांचा उल्लेख ओझरता. त्यांच्या वाट्याचे स्वरूप नीट उघड झाले ते १९६६ च्या चिकित्सक आवृत्तीत. शुट्झ यांच्या १९३२ च्या ग्रंथाचा मोठा आधार म्हणजे हीच व्याख्याने. तेव्हा ज्या वंशावळीत स्टाइन यांचे नाव नाही, तिच्यातील एक दुवा त्यांच्या हातचा आहे. (शुट्झ हेही ज्यू, आयुष्याचा बराच काळ दिवसा बँकेची नोकरी करून त्यांनी तत्त्वज्ञान लिहिले.)

परिघावरच्या माणसाला परिघामुळेच दृष्टी लाभते, असा एक लाडका सिद्धान्त अलीकडे ऐकू येतो. आम्हांला तो येथे लावावासा वाटत नाही. प्रबंध गॉटिंगेनच्या नकाराच्या तीन वर्षे आधीचा आहे. वगळले जाण्याने त्यांना काय दिले हे सांगणे कठीण. काय हिरावले ते मात्र सांगता येते. स्वतःचे विद्यार्थी घडवण्याची संधी त्यांना मिळाली नाही, आणि विद्यार्थ्यांवाचून वंशावळीत नाव चढत नाही.

१९२२ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि त्यानंतर श्पायर येथील शाळेत त्या शिकवू लागल्या. १९३२ मध्ये म्युन्स्टरच्या एका अध्यापनशास्त्र संस्थेत त्यांना अध्यापनाचे काम मिळाले. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीत, ज्यू वंशाच्या म्हणून, तेही गेले. धर्मांतराचा तेथे उपयोग नव्हता. ऑगस्ट १९४२ मध्ये आउश्वित्झ येथे त्यांची हत्या झाली.