घनफळाचे स्वातंत्र्य

धारला लाट मशिदीच्या आवारात एका प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. त्यांतील सर्वांत मोठा सुमारे सात मीटर लांबीचा. हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला, तर तो सुमारे अडीच मिलिमीटरने वाढतो. शेजारच्या देवासात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, उघड्या पातेल्यातील पाणी साधारण ९८ अंशांवर उकळते व त्याची वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा व्यापते. दाब भोवतालच्या हवेचा, तापमान उन्हाचे वा चुलीचे. घनफळ मात्र पदार्थाने आपले आपण ठरविलेले!

ही रोजची गोष्ट शास्त्राच्या मांडणीत जरा उशिराच आली. अमेरिकेचे जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १९०२ साली सांख्यिकीय यामिकीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पदार्थातील कणांच्या सर्व शक्य मांडण्यांचा एक काल्पनिक समुच्चय कल्पावा आणि त्यावरून सरासरी काढावी, ही त्यांची रीत. पण त्यांच्या समुच्चयांत पदार्थ जणू बंद पेटीत असे; घनफळ आधीच ठरलेले. स्थिर दाब व स्थिर तापमान यांचा समुच्चय एडवर्ड गुगेनहाइम यांनी १९३९ साली मांडला. त्यात घनफळ कमीजास्त होऊ शकते. मात्र विस्तारताना बाहेरचा दाब मागे सारण्याची किंमत हिशेबात धरावी लागते. घनफळाच्या या चढउतारांवरूनच पदार्थ किती दाबला जाईल, हेही कळते.

पुढे गणकयंत्रे आली. हैदराबादला जन्मलेले आणि काही काळ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेत द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल गणिताने रेखाटली. तेव्हाची पेटी अचल होती. १९८० साली हान्स अँडरसन यांनी तिचे घनफळ दाबानुसार बदलू दिले; त्याच वर्षी मिकेले पारिनेल्लो व रहमान यांनी तिचा आकारही मोकळा सोडला.

यात केवळ गणिताची सोय नव्हती. ताठर चौकोनी पेटीत कोंडलेल्या स्फटिकाला आपली नवी रचना धारण करणे कठीण. कारण उत्तराचा साचा प्रश्न विचारणाऱ्यानेच घडविलेला असतो. पेटी सैल झाली, तेव्हा दाबाखाली एक रचना मोडून दुसरी कशी उभी राहते, ते दिसू लागले. निसर्गाला प्रश्न विचारताना काय बांधून ठेवावे आणि काय मोकळे सोडावे, हे ठरविणे हेच पुष्कळदा शास्त्रज्ञाचे खरे काम असते.