वणीच्या कोळशातलं नेचे

यंदा पावसाची झड लागली आणि आमच्या लोहाऱ्याच्या जुन्या विहिरीत दगडांच्या फटींतून नेचे उगवलं. नात म्हणाली, "आजोबा, याला फूल कधी येणार?" म्हटलं, "कधीच नाही." आणि मला माझी एक जुनी चूक आठवली.

मी बी. ए. मराठीचा, पण शाळेत विज्ञानाचे तासही घ्यायचो. नेच्याचं खोड बहुधा जमिनीत आडवं. खालून मुळं, वरून पानं. कोवळं पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं, हळूहळू उलगडतं. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसतात, त्या बीजाणूंच्या पिशव्या. ओलीवर पडलेल्या बीजाणूपासून आधी नखाएवढी, बदामाच्या आकाराची हिरवी पापडी होते. तिच्यावर पाण्यातून पोहत नरपेशी अंड्यापर्यंत जाते, तेव्हा कुठे नवं नेचे. हे कोडं जर्मनीच्या होफमाइस्टरने १८५१ साली नीट सोडवलं.

एवढं सांगून मी पुढे ठोकून द्यायचो, "आपल्या वणीचा कोळसा अशाच नेच्यांचा झालाय, पोरांनो!"

झालं असं की, कोळशाच्या थरांजवळच्या दगडांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात. १८२८ साली फ्रान्सच्या ब्रॉन्यार यांनी त्या वनस्पतीला ग्लॉसोप्टेरिस म्हटलं, म्हणजे जीभ-नेचे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आपल्याकडचे असे ठसे जमवले. १८६१ साली लंडनमध्ये बनबरी यांनी त्यांचं वर्णन छापलं. बहुतेक जण त्याला नेचेच समजत होते. पानाच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके मात्र कुणालाच खात्रीने दाखवता आले नाहीत.

शेवटी १९५२ साली दक्षिण आफ्रिकेच्या एडना प्लमस्टेड यांनी त्या पानांना जोडलेले फलनाचे अवयव दाखवले. पुढे पक्कं झालं की ही बी धरणारी झाडं होती. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलदलीत खरी नेचीही होती, पण आपल्या कोळशात मोठा वाटा या झाडांचा. नाव मात्र जुनंच राहिलं.

मी शिकवायला लागलो तेव्हा हे छापून वर्षं लोटली होती. मी नावावर गेलो आणि किती तरी वर्गांना चुकीचं सांगितलं. त्यातले काही आता हे वाचतात, म्हणून इथेच दुरुस्ती करतो.

नातीला म्हटलं, "माझं ऐकू नकोस, पान उलटून बघ." तिने उलटलं. ठिपके होते.