वाफेवरचे माग आणि ते चालवणारी माणसं

संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? काचेचं कपाट, खाली छोटीशी पाटी आणि 'हात लावू नये'. नाणी-मूर्तींना हे ठीक आहे हो, पण बंद पडलेला माग असा ठेवला तर ते नुसतं लोखंड. सोर्स कोडची प्रिंट काढून भिंतीवर टांगण्यासारखंच झालं ते!

म्हणून मला इंग्लंडच्या लँकशायरमधली क्वीन स्ट्रीट मिल फार आवडते. बर्नली शहराला लागून हार्ल साइक नावाचं गाव आहे, तिथे १८९४ साली ही कापड गिरणी बांधली. १९८२ पर्यंत तिथे वाफेच्या इंजिनावर कापड विणलं जात होतं. आपल्याकडे टीव्ही रंगीत झाला त्या वर्षापर्यंत! गिरणी बंद झाल्यावर मोडीत न काढता तिचं संग्रहालय केलं, तेही चालतं. बॉयलर पेटवायचा, ५०० अश्वशक्तीचं इंजिन फिरवायचं, त्यावर छताखालचे लांबलचक शाफ्ट आणि शाफ्टवरून चामडी पट्ट्यांनी खालचे माग. इंजिनाचं नाव 'पीस', म्हणजे शांतता. माग मात्र तीनशेच्या वर, आणि एकदा सुरू झाले की शेजारच्याशी बोलणं अशक्य. तिथल्या बायका ओठांच्या हालचालींवरून बोलायच्या, त्या बोलीला 'मी-मॉइंग' असं नावच पडलं होतं. कित्येकींना पुढे कमी ऐकू यायचं.

हे माग 'लँकशायर लूम' जातीचे. १८४२ सालचं डिझाइन, आणि त्यातली युक्ती आजही दाद द्यावी अशी. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. आपल्या भाषेत एरर हँडलिंग! त्यामुळे एक विणकर चार-चार, सहा-सहा माग सांभाळू लागला. पण धोट्यातली कांडी संपली की नवी घालायला माणूसच लागायचा. नव्या कांडीचा धागा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचा कसा? भोकाला तोंड लावून ओढायचा. दिवसभर, पुन्हा पुन्हा, आणि तोच धोटा दुसरीच्याही तोंडाला. धूळ, तेल, रोगराई सगळं पोटात. याला 'धोट्याचं चुंबन' म्हणत (नाव ठेवणाऱ्याला दंडवत). लँकशायरमध्ये या पद्धतीवर कायद्याने बंदी यायला १९५२ साल उजाडलं. नुसत्या धोट्याकडे बघून यातलं काही कळेल का? तो हातात घेऊन सांगणारं कुणीतरी हवंच.

आणि नेमकं तेच महाग पडतं. यंत्र फुकट उभं राहतं, पण बॉयलरवाला, पट्टे जोडणारा, माग लावणारा यांना पगार द्यावा लागतो. सप्टेंबर २०१६ मध्ये लँकशायर कौंटी कौन्सिलने खर्चकपातीत हे संग्रहालय बंद केलं. 'द किंग्ज स्पीच'चं थोडं शूटिंग इथे झालं होतं, पण त्या कौतुकाने बजेट भरत नाही. पुढे मोजक्या दिवसांसाठी दारं पुन्हा उघडली. माझ्या मते त्या मधल्या काळात खरा धोका इमारतीला नव्हताच. लोखंडाला तेल लावून ठेवता येतं. कानाने मागाची तक्रार ओळखणारा माणूस निघून गेला की त्याचा बॅकअप कुठून आणणार?

आता १९८२ म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवणार ते उघड आहे. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, जवळजवळ अडीच लाख कामगारांचा. त्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं लँकशायरमधूनच आली होती. नंतर बहुतेक साचे भंगारात गेले आणि लोअर परळला आपली ऑफिसं आली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतलं, ते चांगलंच आहे. पण संपाच्या वेळी पंचविशीत असलेला साचेवाला आज सत्तरीला टेकलाय. इमारत दुरुस्त होईपर्यंत थांबू नका. आधी त्याला साच्यापुढे उभं करा आणि कॅमेरा चालू करा. ऑफिसच्या जवळपास चाळी अजून आहेत, विचारलं तर सांगणारे भेटतील.